पूर्व कचेरीच्या पाच कमानी

नाफडे साहेबांनी भिंतीच्या भेगेत हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला. मुंबईहून आलेले तिघेही पाहुणे एकदम मागे सरकले.

"नोव्हेंबरात नुसती बोटं जात होती," आमचे कार्यकारी अभियंता नाफडे साहेब म्हणाले. हात बाहेर काढून त्यांनी तो रुमालानं पुसला. "या बाजूला वरच्या मजल्यावर साठ माणसं बसतात. ही भिंत गेली की तो मजला खाली. आणखी काय दाखवू तुम्हाला?"

१९७४चा मे महिना होता. सकाळचे दहाही वाजले नव्हते, तरी पायाखालची जमीन चपलेतून चटके देत होती. मी नकाशांची गुंडाळी काखेत धरून जरा लांब उभी होते. माझं काम तेवढंच, कुणी मागितला की नकाशा पुढे करायचा. कुणी मागितला नाही.

पाहुण्यांमध्ये मुख्य होते तळपदे साहेब, मुंबईचे मुख्य अभियंता. उंच, किडकिडीत, अतिशय कमी बोलणारे. त्यांनी भेग वरपासून खालपर्यंत पाहिली, मग मान वर करून पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यातून खाली डोकावणाऱ्या कारकुनांकडे पाहिलं.

"नऊ दिवसांनी परत येतो," ते म्हणाले. "पाडण्याचा प्रस्ताव तयार ठेवा. आणि जुन्या नकाशांच्या प्रती करून घ्या. इमारत गेल्यावर कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं."

असं ठरलं. पूर्व कचेरी पाडायची आणि त्या जागी सात मजली सिमेंटची इमारत उभारायची.

आमचं नागपूर जवळजवळ शंभर वर्षं राजधानी होतं. सीताबर्डीच्या किल्ल्यापलीकडे इंग्रजांनी रुंद, सरळ रस्ते आखले, दोन्ही बाजूंना कडुनिंब लावले आणि मध्ये मोकळी जागा सोडून एकेक कचेरी बांधली. जाड दगडी भिंती, उंच छतं, चारी बाजूंनी व्हरांडे. छप्पन साली राजधानी गेली. फायली वॅगनीत भरून गेल्या, साहेब लोक गेले, माझ्या ओळखीची निम्मी कुटुंबं भोपाळला नाहीतर मुंबईला गेली. मागे राहिल्या त्या इमारती. हिवाळी अधिवेशनाचे काही दिवस त्या गजबजायच्या, एरवी आमच्यासारखी ऑफिसं तिथे नांदायची. पूर्व कचेरी त्यातलीच एक. १९११ सालची, पिवळसर दगडाची, दोन मजली.

मी तिथल्या सरकारी बांधकाम खात्याच्या ऑफिसात ट्रेसर होते. मंदाकिनी वैरागडे, वय सव्वीस, तात्पुरती नेमणूक, दर तीन महिन्यांनी वाढवून मिळणारी. जुना नकाशा खाली ठेवायचा, त्यावर निळसर पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि शाईच्या पेननं खालची रेघ वर उतरवायची. घरी आई आणि धाकटी बहीण होती, आणि मिळवती मी एकटीच.

आमचे हेड ड्राफ्ट्समन दहासहस्र साहेब. सात महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्यांनी कपाटातून पूर्व कचेरीचे सगळे जुने कागद काढून माझ्या टेबलावर ठेवले. कापडावर चिकटवलेले ते मोठमोठे कागद होते, कडा काळ्या पडलेल्या, पायाचा छेद दाखवणारा तर वाळवीनं निम्मा खाल्लेला.

"आठ दिवसांत सगळे झाले पाहिजेत, बाई."

"होतील, साहेब."

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्याचा नकाशा घेतला. पूर्वेकडची बाजू गिरवता गिरवता माझं पेन थांबलं. कागदावर तिथे भिंतच नव्हती. उघडा व्हरांडा होता. सहा दगडी खांब आणि त्यांच्यामध्ये पाच कमानी. आणि मी तर रोज त्याच बाजूनं ऑफिसला येत होते! तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट पिवळी भिंत होती, तीच भेग पडलेली, आणि आत अंधारी रेकॉर्ड रूम.

मी कागद उचलून दहासहस्र साहेबांकडे नेला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"बांधताना बदललं असेल. कागदावर एक असतं, जागेवर एक होतं."

"पण साहेब, वरच्या मजल्याचा नकाशा अगदी जागेवरच्यासारखा आहे. खिडकीन् खिडकी जुळते. फक्त इथेच कसं..."

"वैरागडेबाई," त्यांनी आवाज खाली आणला, "तुमचं काम गिरवायचं आहे, वाचायचं नाही. एकतीस तारखेला तुमची मुदत वाढायची आहे. लक्षात ठेवा."

ते रागानं बोलले नव्हते. त्यांना माझी काळजी होती, हे मला कळत होतं. तरी दुपारच्या सुट्टीत मी टेप घेऊन खाली गेले.

रेकॉर्ड रूमला हवा यावी म्हणून कुणीतरी त्या भिंतीला एक झरोका पाडला होता. त्यातून टेप घालून जाडी मोजली. तीन फूट पाच इंच. नकाशात खांबांची जाडी होती दोन फूट तीन इंच. चौदा इंच जास्त. चौदा इंच म्हणजे दीड विटेची भिंत. मी पुन्हा मोजलं, पुन्हा तेच.

"काय मोजून रायल्या, बाई?"

उरकुडाजी मिस्त्री कडुनिंबाखाली भाकर खात बसले होते. आमच्या ऑफिसचे जुने गवंडी. पन्नाशी उलटलेली, अंग चुन्यानं कायमचं पांढुरकं झालेलं. गिलावा, फरशी, गळतं छप्पर, सगळं तेच बघायचे.

"उरकुडाजी, ही भिंत पहिल्यापासून आहे का हो?"

ते हसले. "पयल्यापासून कायची? हे तं आमच्या बुढ्यानं, माह्या बापानं बांधली. मी चुन्याचा गारा वाहत होतो तवा. लढाईच्या सालात."

"कोणत्या लढाईच्या?"

"जपानवाल्याच्या. इथं बॉम्ब पडन म्हणून गोऱ्या सायबाले लय भेव. कमानीच्या तोंडावर भित उभी करा म्हणे, आठ दिवसात. बुढा म्हणे, साहेब, हे काळी माती हाय, पाया खोल घेऊ द्या. तो म्हणे, कायले, लढाई सरली का पाडून टाकू. दोन हात खणलं अन् बांधली."

"मग पाडली का नाही?"

"लढाई सरली अन् गोरा सायबच गेला." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "मंग कोणीतरी कमानी इटानं बुजवल्या, आतून-बाहेरून गिलावा मारला, पिवळा रंग देल्ला. कोणाले आठवते आता?"

माझ्या हातातला टेप सुटून सर्रकन गुंडाळला गेला.

"आणि ही भेग?"

"ते तं दरसाल पडते, बाई. उन्हाळ्यात काळी माती फाटते, भित बाहेर झुकते. आषाढात पाहा न, पोस्टकार्ड जात नाई त्यात. यंदा जास्त हाय, मागच्या साली पाऊस कुठं झाला?"

"हे तुम्ही साहेबांना सांगितलं का नाही?"

"मले कोन इचारलं?" ते म्हणाले, आणि डबा धुवायला उठले.

त्या संध्याकाळी मी नाफडे साहेबांच्या खोलीत गेले. ट्रेसरनं थेट कार्यकारी अभियंत्याकडे जायची पद्धत नव्हती. शिपायानं अडवलं, तर मी म्हटलं, पूर्व कचेरीच्या नकाशाचं काम आहे. ते खोटंही नव्हतं.

नाफडे साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरून ते दमलेले दिसत होते.

"म्हणजे तुमचं म्हणणं, भिंतीवर काहीच भार नाही. वरचा मजला कमानींवर आहे."

"हो साहेब. आणि छेदाचा जो कागद उरलाय त्यात एका खांबाचा पाया दिसतो. अकरा फूट, खडकापर्यंत."

"निम्मा कागद वाळवीनं खाल्लाय. बाकीच्या पायाचं काय?"

"खणून पाहता येईल."

"भेगेशेजारी खणायचं? आणि खणताना भिंत अंगावर आली तर?" ते एकदम उभे राहिले. "एक मिस्त्री तीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो, एक ट्रेसर नकाशा वाचते, आणि त्यावर मी साठ माणसांना वर बसवून ठेवू? माणसं मेली तर उत्तर कोण देणार? तुम्ही?"

त्यांनी प्रस्तावाची फाईल पुढ्यात ओढली.

"जा. प्रती पूर्ण करा."

मी बाहेर आले. घरी जाताना सायकल त्याच रस्त्यानं नेली आणि भिंतीसमोर थांबले. आई घरी वाट पाहत असेल हे कळत होतं, तरी बराच वेळ तिथून हलावंसं वाटलं नाही. मोजलेलं खोटं कसं ठरेल, एवढंच मनात फिरत होतं. दुसऱ्या दिवशी मी प्रती पूर्ण केल्या. आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी आणखी एक काम केलं. नाफडे साहेबांनी प्रस्तावासाठी जागेवर मोजून नवा नकाशा तयार करवला होता. खालच्या मजल्याची माझी प्रत मी त्याच्यावर ठेवून पाहिली. दोन्हींचं माप एकच, इंचाला आठ फूट. रेघेवर रेघ बसली, एक सोडून. दहासहस्र साहेब मागे येऊन उभे राहिले आणि ते पाहून गेले.

नवव्या दिवशी सकाळी तळपदे साहेब आले. आमच्याच हॉलमध्ये मोठ्या टेबलाभोवती सगळे बसले. प्रस्तावाची फाईल त्यांच्यापुढे होती. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"जुन्या नकाशांच्या प्रती?"

दहासहस्र साहेबांनी गुंडाळी पुढे केली. मग ती त्यांनी परत मागे घेतली.

"साहेब, या प्रती आमच्या वैरागडेबाईंनी केल्यात," ते म्हणाले. "त्यांना एक दाखवायचंय. मी त्यांना आधी नको म्हणालो होतो. पण तुम्ही सही करण्याआधी पाहावं, असं मला वाटतं."

नाफडे साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी टेबलापाशी गेले. मी नवा नकाशा पसरला आणि त्यावर माझी निळसर प्रत अलगद ठेवली, चारी कोपरे जुळवले.

सगळी इमारत एकावर एक बसली. जिने, दारं, खिडक्या. पूर्वेच्या बाजूला मात्र खालच्या कागदावरची एक जाड रेघ एकटीच उरली. तिच्यावर काहीच बसलं नव्हतं. तिच्या आत, वरच्या कापडावर, सहा खांब आणि पाच कमानी.

तळपदे साहेब वाकले.

"ही भिंत कधीची?"

"बेचाळीस सालची, साहेब. बॉम्बच्या भीतीनं बांधलेली. दोन हात पाया, काळ्या मातीत."

"कुणी सांगितलं?"

"उरकुडाजी मिस्त्रींनी. बांधणाऱ्याच्या हाताखाली ते स्वतः होते."

त्यांनी पेनला टोपण लावलं. "नाफडे, इमारत रिकामी करा. भिंतीला बल्ल्यांचे टेकू द्या. दोन खड्डे खणू. एक बाहेर, भिंतीच्या पायाशी. एक आत, मूळ इमारतीच्या पायाशी. मी इथेच थांबतो."

अर्ध्या तासात दोनशे माणसं बाहेर कडुनिंबांच्या सावलीत येऊन उभी राहिली. कारकून, टायपिस्ट बाया, शिपाई, कँटीनवाला. टेकू लागले. उरकुडाजींनी चार मजूर घेतले आणि बाहेरचा खड्डा सुरू केला.

पायाचा शेवट तीन फुटांवरच लागला. खाली काळी माती, आणि मातीला हात जाईल एवढ्या भेगा.

गर्दीतून कुजबुज उठली. पण तळपदे साहेब नुसतं "हं" म्हणाले. "हे भिंतीचं झालं. आता आत."

आत रेकॉर्ड रूमची फरशी उचलली. नक्की खांब कुठे, ते गिलाव्यामुळे दिसत नव्हतं आणि नकाशावरून मोजायला फायलींची कपाटं आडवी येत होती, म्हणून अंदाजानं जागा धरली. लोखंडी सब्बल चालू लागली. एक फूट, दोन फूट, दगडाचे थर उत्तम. तीन फूट. साडेतीन फुटांवर दगड संपला. मजुरानं खालून माती ओढली, तर खाली काळी मातीच.

नाफडे साहेबांनी डोळे मिटले. "पाहिलंत?" ते म्हणाले. आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. "अकरा फूट नाही, साडेतीन फूट. संपूर्ण इमारत काळ्या मातीवर आहे."

तळपदे साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दहासहस्र साहेब जमिनीकडे पाहत होते. मला वाटलं, गेलं. नोकरी गेली, इमारत गेली, आणि निवृत्तीला आलेल्या या माणसाला मी उगाच तोंडघशी पाडलं.

पण छेदात तर अकरा फूट होतं. तो आकडा मी स्वतः गिरवला होता.

मी पदर खोचला आणि खड्ड्यात उतरले. "अहो बाई!" कुणीतरी ओरडलं. मी दगडांच्या खालच्या कडेला हात लावला. हात सरळ चालला नाही. उजवीकडे वर जात होता, डावीकडे खाली. मी शेजारचा दगड चाचपला, मग त्याच्या शेजारचा. प्रत्येक दगड वर रुंद, खाली निमुळता. पाचरीसारखा.

"उरकुडाजी, जरा उतरा. हे पाहा."

ते उतरले. थापीनं दोन दगडांमधली माती खरवडली, बोटं फिरवली आणि एकदम मोठ्यानं हसले.

"कमान हाय, साहेब! जमिनीच्या पोटात कमान हाय! आपण दोन खांबांच्या मधात खणून रायलो. पाया संपला नाई, कमानीचं पोट लागलं!"

"डावीकडे," मी म्हटलं. "कमान डावीकडे उतरते. खांब तिथे असेल. तीन फूट डावीकडे घ्या."

तळपदे साहेब खड्ड्याच्या काठाशी गुडघ्यावर बसले होते. "घ्या," ते म्हणाले.

मजुरांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी दगड संपला नाही. चार फूट, पाच फूट, थरावर थर. सहा फुटांवर काळी माती संपून पिवळा मुरूम लागला. जेवणाची वेळ टळून गेली तरी बाहेरचं कुणी हललं नाही. कँटीनवाल्यानं तिथेच चहा आणला. आठ फूट झाल्यावर दोन टायपिस्ट बाया आत येऊन माझ्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या, एकीनं माझा मातीचा हात धरला. नऊ. दहा.

चार वाजायला आले होते. खालून सब्बलीचा आवाज एकदम बदलला. खण्ण!

"खडक!" खालून उरकुडाजी ओरडले.

नाफडे साहेबांनी बूट काढले. कुणी अडवायच्या आत ते शिडीवरून खाली उतरले, उरकुडाजींच्या हातून सब्बल घेतली आणि स्वतः मारली. खण्ण. पुन्हा मारली. सात-आठ वेळा मारली असेल. मग टेप मागितला.

"अकरा फूट एक इंच," खालून आवाज आला.

बाहेर बातमी गेली तेव्हा जो गलका झाला, तो ऐकून समोरच्या कचेरीतली माणसंही खिडक्यांत आली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी टोपी उडवली. दहासहस्र साहेब चष्मा पुसत होते आणि तो पुन्हा पुन्हा पुसत होते.

नाफडे साहेब वर आले ते मातीनं माखलेले. तिथेच फरशीच्या ढिगावर बसले. मी पाण्याचा पेला दिला. ते माझ्याकडे न पाहता बोलले.

"दहा वर्षांपूर्वी एका शाळेची भिंत मी ठीक आहे म्हणून सही केली होती, बाई. पावसाळ्यात ती पडली. चार माणसं होती खाली. तेव्हापासून मी कोणत्याही भेगेला ठीक म्हटलेलं नाही." त्यांनी पाणी संपवलं. "आज पहिल्यांदा म्हणतो."

इतके दिवस मी त्यांना इमारतीचा वैरी समजत होते.

तळपदे साहेबांनी प्रस्तावाच्या फाईलवर तिथेच उभ्यानं शेरा लिहिला. इमारत भक्कम, पाडू नये. बेचाळीस सालची भिंत काढावी, कमानी मूळ रूपात खुल्या कराव्यात. मग मला विचारलं, "शिक्षण?"

"मॅट्रिक, साहेब. आणि आयटीआयचा ट्रेसरचा कोर्स."

"नाफडे, या भागातल्या एकाही सरकारी इमारतीचे नकाशे जागेवर ताडून पाहिलेले नाहीत. हे काम यांना द्या. ट्रेसर म्हणून नाही, ड्राफ्ट्समन म्हणून. मिस्त्री हाताखाली नको, सोबत द्या."

पुढची एकतीस वर्षं मी तेच काम केलं. राजधानीसाठी बांधलेल्या त्या सगळ्या कचेऱ्या मी खोलीन् खोली मोजल्या, आणि त्यांतली एकही आजवर नकाशा न वाचता पाडली गेलेली नाही. पण मला विचाराल तर खडक लागला तो दिवस माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा दिवस नाही. तो त्यानंतर तीन आठवड्यांनी आला.

बाहेरची भिंत उतरवून झाली होती. कमानींमधल्या विटा काढायचं काम चालू होतं. नाफडे साहेब रोज सकाळी येऊन उभे राहत. चार कमानी मोकळ्या झाल्या, पण त्यांना ताडपत्री लावलेली होती. शनिवारी दुपारी पाचवी मोकळी झाली आणि उरकुडाजींनी पाचही ताडपत्र्या एकदम सोडल्या.

उजेड थेट आतल्या भिंतीपर्यंत गेला. रेकॉर्ड रूमच्या कारकुनांनी डोळ्यांवर हात धरले. आणि त्यामागोमाग वारा आला. बत्तीस वर्षं त्या व्हरांड्यात वारा शिरला नव्हता. तो टेबलांवरून गेला, उघड्या फायलींमधून गेला आणि शेकडो कागद घेऊन उठला. छतापर्यंत कागदच कागद. कारकून त्यांच्यामागे धावत सुटले, टायपिस्ट बाया हसून हसून खाली बसल्या, दहासहस्र साहेब दोन्ही हात वर करून एक कागद पकडायला उड्या मारू लागले. आमचे कार्यकारी अभियंता, ज्यांना मी कधी मोठ्यानं बोलतानाही ऐकलं नव्हतं, ते स्वतः कागदांमागे पळत होते.

"खिडक्या लावा!" ते ओरडले. "अरे, कुणीतरी खिडक्या लावा!"

"खिडक्या कुठं हायेत, साहेब?" उरकुडाजी पाचव्या कमानीत उभं राहून ओरडले. "कमानी हायेत!"